कोरडी बांधलेली गाठ

ठकूबाईने माझ्या थोबाडीत मारली तेव्हा मी रोह्याजवळच्या एका वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक होतो, ती तिथली मावशी होती आणि चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो. कारण पेणमध्ये अजूनही काही जण भेटले की माझ्या गालाकडे बघून हसतात आणि गोष्ट भलतीच सांगतात. त्यांच्या गोष्टीत मी फार सज्जन असतो आणि ती फार माजोरी असते. माजोरी ती होतीच, पण मी सज्जन वगैरे काही नव्हतो.

मी मूळचा कंपनीच्या टाइम ऑफिसातला माणूस. कोण कुठल्या शिफ्टला, कोण रजेवर, कोणाच्या जागी कोण, हे लावता लावता माझे केस गेले. मग कंपनीने गोड बोलून घरी पाठवलं आणि ओळखीच्या एका विश्वस्तांनी मला आश्रमात आणून बसवलं. म्हणाले, "तुम्हाला माणसं लावायची सवय आहे." सवय होती, पण लावायला माणसंच नव्हती. चौतीस म्हातारे-म्हाताऱ्या आणि कागदावर आठ बायका. त्यातल्या दोघी कधीच सोडून गेलेल्या, एक कायम आजारी. उरलेल्या पाच जणी तीन पाळ्यांत कशा वाटायच्या, हे गणित मला शेवटपर्यंत सुटलं नाही. आणि त्यांना तरी कुठल्या तोंडाने दोष देणार? कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासली तर अंगाला वास येत नाही आणि कोणी चावत नाही. त्यात आमच्या निम्म्या बायका कासू-पेणच्या बाजूने गाडीने यायच्या. गणपतीला दोन-तीन महिने राहिले की जोह्या-हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यांतून रंगकामाला बायकांची मागणी सुरू व्हायची आणि माझा तक्ता रिकामा व्हायला लागायचा. देवाला सोवळं नेसवायचं काम सोडून माणसांचं धोतर बदलायला कोण येणार?

ठकूबाई कासूहून आली. ठेंगणी, रुंद, काळीभोर. लुगडं पोटऱ्यांच्या वर खोचलेलं आणि त्या पोटऱ्यांवर मिठाच्या पाण्याने खाल्लेले पांढरे डाग. माहेर खाडीपट्टीतलं. सातव्या-आठव्या वर्षापासून मिठागरात उभी राहिलेली. मी आपला ऑफिसातल्या थाटात विचारलं, "तुम्हाला या कामाचा अनुभव?"

"सासू सात वरसं खाटंवर व्हती," ती म्हणाली. "मेली तवा पाठीला येक जखम नव्हती. आजून काय पायजे?"

मला तेव्हा कळलं नाही, पण या धंद्यातलं सगळं शहाणपण या एका उत्तरात होतं. पुढे आमच्याकडे तपासणीला माणसं यायची. ती रजिस्टर बघायची, स्वयंपाकघर बघायची, भिंतीवरचे फोटो बघायची. ठकूबाई पाठी बघायची. सकाळी आल्या आल्या मिश्रीचं बोट तोंडातून काढून, हात धुऊन ती एकेकाला कुशीवर वळवायची आणि पाठीवरून हात फिरवायची. कुठे लाल चट्टा दिसला की आदल्या पाळीच्या बाईची सात पिढ्यांची आठवण काढायची, आणि ती बाई तावडीत सापडली तर नुसत्या आठवणीवर भागायचं नाही. एकदा रात्रपाळीच्या बाईला तिने वेणीला धरून त्या लाल चट्ट्यापर्यंत ओढत आणलं आणि तिचं तोंड त्याच्यापुढे धरलं. "बघ. तुज्या झोपंचा रंग बघ." ती बाई दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. माझा तक्ता आणखी एका खान्याने रिकामा झाला. मी ठकूबाईवर चिडलो तर ती म्हणाली, "नसंल तर नसंल. मी डबल करीन." आणि खरंच सलग दोन पाळ्या केल्या, त्याही तितक्याच आरडाओरडा करत.

हळू बोलणं तिला माहीतच नव्हतं. म्हाताऱ्यांना ती "मेल्या" म्हणायची, म्हाताऱ्या बायकांना "गो आये". चमचा तोंडात घालताना शिव्या, तोंड पुसताना शिव्या. वरण पातळ आलं म्हणून तिने एकदा सबंध टोप आचाऱ्याच्या पायाशी ओतला होता. "पानी पाजताव मानसांना?" आचारी भाजला नाही, वरण तेवढंही गरम नव्हतं. हीसुद्धा तिची तक्रारच होती.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. कोणाचा तरी वाढदिवस होता आणि आमच्याकडे फळं वाटायला मंडळी आली होती. असे लोक आले की आम्ही सगळे हसरे चेहरे करून उभे राहायचो, मी सगळ्यांत पुढे. शेटे आजींचे कपडे ठकूबाई बदलत होती. पडदा नव्हता, कारण पडद्याचा कापडी स्टँड मोडून महिना झाला होता. पाहुण्यांतला एक गृहस्थ मोबाइल वर धरून चित्रण करत करत थेट त्या खाटेपर्यंत गेला. आजी कमरेपर्यंत उघड्या. ठकूबाईने त्याच्या मनगटावर अशी चापट मारली की फोन उडून फिनाइलच्या बादलीत पडला. तो गृहस्थ हात घालून फोन काढायला वाकला तर हिने बादलीच त्याच्यावर पालथी केली. मला माफी मागावी लागली. मी मागितली आणि संध्याकाळी घरी जाताना गाडीत एकटाच हसत बसलो. मला फार बरं वाटलं होतं, पण हे तिला सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

याच सुमारास दामूनाना आमच्याकडे आले. जोह्याचे, गणपतीचे कारखानदार, पंचाहत्तरीच्या घरातले. आयुष्यभर मूर्तींच्या डोळ्यांची आखणी केलेली. हाताखाली पोरं रंग द्यायची, पण डोळे नानांनीच काढायचे. आता डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं. मुलगा कोण, गाव कुठलं, जेवलो की नाही, काही आठवायचं नाही. हात मात्र विसरले नव्हते. ताटातल्या वरणात उजव्या हाताचं बोट बुडवून ते कडेवर दोन डोळे काढायचे. एका झटक्यात एक, दुसऱ्या झटक्यात दुसरा. तसेच्या तसे, शांत, किंचित झुकलेले. मी कितीदा तरी त्यांच्या ताटाशी जाऊन बघत उभा राहिलोय.

आणि तेच हात मारायचेही. मागून कोणी स्पर्श केला की नाना वळून ठोसा द्यायचे. शाडू मळून मळून कमावलेली मनगटं होती ती. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं नाक त्यांनी फोडलं, एका मावशीच्या दंडाला दात लावले. मी कुठेतरी वाचलं होतं की अशा माणसाला त्याच्या जुन्या कामाची वस्तू हातात द्यावी, तो शांत होतो. म्हणून जोह्याहून मुद्दाम शाडूचा गोळा आणवला आणि ठकूबाईला म्हटलं, द्या त्यांच्या हातात, बघा गंमत. नानांनी गोळा हातात घेतला, दाबला, त्याचा ओलेपणा चाचपला आणि सरळ ठकूबाईच्या तोंडावर हाणला. तिचा पुढचा दात पडला. पदराने रक्त पुसत ती मला म्हणाली, "गंमत बघितली?"

आता मूळ गोष्टीकडे यायला हवं, आणि मला यावंसं वाटत नाही.

आमच्याकडे दुपारी जी माणसं आवरत नसत त्यांना आम्ही बांधत असू. जुन्या धोतरांच्या पट्ट्या काढून ठेवलेल्या असायच्या. मनगट खाटेच्या दांडीला, फार झालं तर घोटाही. रजिस्टरमध्ये मी त्याला "आराम" लिहायचो. दुपारी एक बाई आणि सतरा माणसं असली की दुसरं काय करणार, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. बाकीच्या बायकांनी बांधलेलं सुटायचं. ठकूबाईचं सुटायचं नाही. मी तिला विचारलं तर तिने सांगितलं की ही मिठागरातली गाठ. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांधाच्या तोंडाला फळ्या लावतात, त्या या गाठीने दोराला बांधायच्या. बांधताना कोरडी आणि सैलसर बांधायची. पाणी लागलं की दोर फुगतो आणि गाठ आपसूक आवळत जाते. मला ही युक्ती फार आवडली. सैल बांधायची म्हणजे म्हाताऱ्याला त्रास नाही आणि सुटायचीही भीती नाही. पट्टीत माझी स्वतःची दोन बोटं घालून बघितली, सहज आत गेली. मग मी तिच्याकडून बाकीच्या बायकांना ती गाठ शिकवून घेतली. खाटेवरचं माणूस दर दोन तासांनी ओलं होतं, हे एवढं मोठं सत्य त्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्या हातांना फळी ठाऊक होती, माणसाचं मनगट नव्हतं. आणि मला तर काहीच ठाऊक नव्हतं.

आषाढ होता. आमच्या मावशांपैकी सविता आणि दुसरी एक अशा दोघी आदल्याच आठवड्यात कारखान्यात रंगकामाला गेल्या होत्या. दुपारी वरच्या मजल्यावर ठकूबाई एकटी. जेवणं झाल्यावर नानांनी स्टीलचा पेला शेजारच्याच्या कपाळात घातला. रक्त आलं. मी वर गेलो आणि म्हणालो, "बांधा त्यांना जरा वेळ." तिने बांधलं. आणि तेवढ्यात वरच्याच न्हाणीघरात शेटे आजी पडल्या.

आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हलवलं की किंचाळायच्या. ठकूबाई न्हाणीच्या ओल्या फरशीवर त्यांचा पाय दोन्ही हातांनी स्थिर धरून बसली आणि मी खाली फोनवर रुग्णवाहिका शोधत राहिलो. एक बिघडलेली, एक अपघातावर गेलेली, तिसरी येते येते म्हणत साडेतीन तासांनी आली. आजींना चढवून ठकूबाई वर गेली आणि मग तिचा आवाज आला. तिचा नेहमीचा आवाज मला पाठ होता. हा तो नव्हता.

नानांनी अंथरूण ओलं केलं होतं आणि पट्टी त्या ओलीत भिजून मनगटात रुतली होती. सूज तिच्यावरून दोन्ही बाजूंनी ओसंडलेली. पंजा काळानिळा. ठकूबाई गाठीला दात लावत होती, पण पुढचा दात नव्हता आणि गाठ तिचीच होती. शेवटी मी स्वयंपाकघरातून सुरी आणली. तिने पट्टी कापली, त्यात स्वतःचा अंगठाही कापला आणि तिला ते समजलंही नाही. नाना तोवर ओरडायचे थांबले होते. पनवेलला नेलं. काही दिवसांनी उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली.

विश्वस्तांनी मला बोलावून सांगितलं काय लिहायचं ते, आणि मी लिहिलं. रुग्णाने झटापटीत स्वतःचा हात खाटेच्या दांडीत अडकवून घेतला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे तसं म्हणतात. नानांचा मुलगा प्रकाश आला तेव्हा मी तो कागद त्याच्यापुढे ठेवला आणि पाणी मागवलं. पाणी घेऊन ठकूबाईच आली. तिने कागदाकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलाय?" तिने विचारलं.

प्रकाशने वाचून दाखवलं.

"खोटं हाय," ती म्हणाली. "दांडी-बिंडी काय नाय. मी बांधला त्याला. गाठ माजी व्हती."

प्रकाश उठला आणि त्याने तिच्या तोंडात मारली. तांब्या पडला. ती हात खाली सोडून उभी राहिली. त्याने पुन्हा मारली. तिसरी एवढ्या जोरात की ती मागच्या कपाटावर आदळली आणि कपाटाची काच फुटून तिच्या खांद्यात घुसली. मी टेबलामागे उभा होतो. त्याने चौथ्यांदा हात उचलला तेव्हा तिने त्याचं मनगट हवेतच धरलं.

"तीन बोटां गेली, तीन मारल्यास," ती म्हणाली. "त्या माज्या व्हत्या, मी खाल्ल्या. चवथी मारशील त मी पन मारीन."

त्याने हात सोडवून घेतला आणि खुर्चीत बसून रडायला लागला. तिने खांद्यातली काच ओढून काढली, टेबलावर माझ्या कागदावर ठेवली. मला कोणी मारलं नाही. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही, आणि ते मला आजही लागतं.

प्रकाश बापाला घरी नेऊ शकत नव्हता. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, बायकोला नानांनी आधीच एकदा जिन्यावरून ढकललं होतं. तो म्हणाला, "ठेवतो, पण..."

"ठेव," ठकूबाई म्हणाली. "पन आता त्याला कोनी बांधनार नाय. कवाच नाय. ह्यो माजा शबूद."

त्याच दुपारी तिने सगळ्या पट्ट्या गोळा करून अंगणात पेटवल्या. ओलसर होत्या, पेटेनात, तर माझ्या ऑफिसातून रॉकेलची बाटली नेली. बायकांना सांगितलं, ज्या हाताने कोणाला बांधाल तो हात मी मोडीन. बायकांनी विश्वास ठेवला. मग ती माझ्याकडे वळली. "दुपारची बाई नाय ना तुमच्याकडं? मंग दुपारी तुमी बसा वरती." कंपनीत मी हजार माणसांच्या पाळ्या लावल्या. माझी पाळी लावणारी ती पहिली.

मी बसलो. तेव्हा कळलं की ज्याला मी तक्त्यात एक खाना समजत होतो ते काय असतं. एकाला पाणी पाजावं तोवर दुसरा नळी उपटतो, तिसरी रडत दाराकडे चाललेली असते, चौथ्याने अंगभर घाण फासलेली असते. मला पहिल्याच आठवड्यात तीनदा ओकारी आली. ठकूबाईने नानांची गादी जमिनीवर आणली. ते हिंडायला लागले की त्यांच्याबरोबर हिंडायची, आणि ते मारायला धावले की मध्ये उभी राहायची. आता ते डाव्या हाताने मारायचे. तिच्या दंडांवर, पाठीवर, मानेवर कायम कुठेतरी निळं असायचं. जेवताना नाना अजूनही उजवा हात वरणाकडे न्यायचे, उरलेल्या बोटांकडे बघायचे आणि ताट भिरकावून द्यायचे. ती ताट उचलून आणायची आणि पुन्हा भरवायला बसायची. शिव्या चालूच.

मी एकदा म्हटलं, "अहो ठकूबाई, थोडं बाजूला व्हा की. मारू देता कशाला?"

"नवरा मारायचा तवा उगाच मारायचा," ती म्हणाली. "ह्याला कारन हाय."

पुढच्या वर्षी पुन्हा गणपती जवळ आले आणि पुन्हा बायका गेल्या. ती दुपार माझ्यासाठी वाईट होती. नानांनी माझा चष्मा फोडला आणि केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. ठकूबाई खाली होती. मी घाबरलो होतो, हे मान्य करतो. मी खिशातला रुमाल काढला आणि त्यांचं डावं मनगट खुर्चीच्या हाताला बांधलं. पाचच मिनिटं, असं मनाशी म्हटलं. पाच मिनिटं व्हायच्या आत ती दारात आली. तिने रुमाल बघितला, सोडला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि मग माझ्या थोबाडीत मारली. माझा कान रात्रीपर्यंत वाजत होता. शब्द तिने दिला होता आणि मोडत मी होतो. विश्वस्तांना आचाऱ्याकडून हे कळलं आणि ते म्हणाले, काढून टाका तिला. मी म्हणालो, "काढा. दुपारी वर कोण येणार, तुम्ही?" ती राहिली. माझ्या नोकरीतलं धाडसाचं असं हे एकच वाक्य.

त्याच्याही पुढच्या वर्षी श्रावणात एका सकाळी नाना गेले. ती त्यांना अंघोळ घालत होती. त्यांनी तिचा अंबाडा डाव्या हातात पकडला होता, ओढायला की आधाराला ते सांगता येत नाही, आणि तसेच ते गेले. तिने त्यांची बोटं एकेक करून केसांतून सोडवली. कुशीवर वळवून पाठ बघितली. जखम नव्हती.

गाडीतून आम्ही त्यांना जोह्याला नेलं, ती मागे त्यांच्यापाशी बसली, मी पुढे. कारखान्यात मूर्तींच्या रांगा लागलेल्या होत्या, निम्म्यांचे डोळे अजून कोरे. रंगाच्या वाट्या हातात धरून बायका उभ्या राहिल्या, त्यांत आमची सविताही होती. अंगणात तिरडी तयार होती. नानांना ठेवलं, कापड घातलं आणि गावातल्या एका म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे सुंभ घेऊन छातीवरून पहिला वेढा टाकला.

ठकूबाई त्याच्या अंगावर गेली. मला वाटलं, रडायला चालली. तिने सुंभ हिसकला आणि त्या म्हाताऱ्याला छातीत धक्का दिला. तो बसला. दोघांनी तिला मागे ओढलं तर तिने एकाच्या पोटात लाथ घातली आणि दुसऱ्याच्या हाताला चावली. कोणीतरी तिच्या तोंडावर मारलं, ओठ फुटला. ती तिरडीवर आडवी पडली, दोन्ही हात बांबूंखाली घालून, आणि ओरडत राहिली, "नाय बांधायचा! नाय बांधायचा त्याला!"

"अगो मेला तो," म्हातारा म्हणाला. "आता त्याला काय लागतंय?"

"शबूद द्येला त्याला मी. मेल्यावर बांधीन असं नाय सांगितला."

लोक प्रकाशकडे बघायला लागले. तो पुढे आला. मला वाटलं, ती चौथी आता बसणार. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि त्याने सुंभाचा तो एक वेढा स्वतःच्या हाताने सोडवला. "तसेच नेऊ," तो म्हणाला. "बाजूने धरा."

अशी अंत्ययात्रा जोह्याने पाहिली नसेल. चौघांच्या खांद्यावर तिरडी, आणि नाना घसरू नयेत म्हणून एका बाजूने पुतण्याने हात लावलेला, दुसऱ्या बाजूने ठकूबाईने. ती ठेंगणी, हात पुरत नव्हता. चवड्यांवर चालत होती. गावाच्या कडेला शेतं सुरू होतात तिथे बायका थांबल्या. ती थांबली नाही.

"बाय, हितनं पुढं बायका येत नाय," तो म्हातारा म्हणाला, या वेळी जरा लांबूनच.

"मी सोडला त पडंल त्यो."

मी पुढे झालो. माझे हात मोकळेच होते. म्हणालो, "ठकूबाई, मी धरतो. द्या माझ्याकडे."

तिने त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ओठ सुजून वाकडा झालेला.

"तुमी नको साहेब," ती म्हणाली. "त्या दुपारी त्यो वरडत व्हता तवा तुमी दोनदा त्याच्या दारावरनं ग्येलाव. न्हाणीतून मना तुमच्या चपला ऐकू येत व्हत्या."

हे मी मघाशी लिहिलं नाही. फोनला रेंज मिळेना म्हणून मी दोनदा वरच्या गच्चीकडे गेलो होतो, त्यांच्या दारावरून. ते ओरडत होते, पण ते रोजच ओरडायचे. तिने हे दोन वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं, प्रकाशचा मार खातानाही नाही. मी तिथेच चिखलात उभा राहिलो आणि लोक माझ्या बाजूने पुढे गेले.

त्यानंतर ती आश्रमात आली नाही, मला पुन्हा दिसली नाही. मला दिसते ती तेवढीच. भातशेतीच्या बांधावरून माणसांची रांग चाललेली आणि त्यात एकच बाई, चवड्यांवर, एक हात वर करून. बांधाला वळण आलं तशी तिरडी तिच्या बाजूला कलली आणि तिने दुसराही हात लावला.